बांध कुठे घालायचा? मॅट्रिक्स क्लायंट्सच्या सामायिक लायब्ररीचं प्रकरण

डिसेंबर २०२१ मध्ये थंडरबर्डची एक सुरक्षा-दुरुस्ती निघाली. थंडरबर्ड हा ईमेलचा प्रोग्राम, पण यातली एक दुरुस्ती ईमेलशी संबंधित नव्हती. थंडरबर्डमध्ये चॅटचीही सोय आहे. त्या चॅटमध्ये मॅट्रिक्स हा प्रोटोकॉल (संदेश देण्याघेण्याचे ठरलेले नियम) होता, मॅट्रिक्सच्या एन्क्रिप्शनसाठी, म्हणजे संदेश कुलूपबंद करण्यासाठी, लिबओल्म नावाची लायब्ररी (इतर प्रोग्रामांनी वापरायचा तयार कोड) सोबत बांधलेली होती, आणि त्या लायब्ररीच्या एका फंक्शनमध्ये बफर ओव्हरफ्लो सापडला होता. हे फंक्शन एन्क्रिप्शनही करत नव्हतं. चालू सेशनचं वर्णन मजकुरात लिहून द्यायचं, म्हणजे बग शोधताना ते लॉगमध्ये वाचता येईल, एवढंच त्याचं काम. मुद्दाम रचलेल्या संदेशांची रांग पाठवली की ते दिलेल्या जागेबाहेर लिहायचं. मीटरचं रीडिंग टिपायला आलेल्या माणसाने जाताना घराचा फ्यूज उडवावा, तसा प्रकार.

ज्यांनी आयुष्यात मॅट्रिक्स उघडलं नव्हतं, त्यांच्याही संगणकावर ती लायब्ररी जाऊन बसली होती. सामायिक लायब्ररीचं हे रूप ठाऊक असूनही पुढच्या दोन-तीन वर्षांत मॅट्रिक्सच्या प्रमुख क्लायंट्सनी, म्हणजे मॅट्रिक्स वापरायच्या अ‍ॅप्सनी, आणखी मोठी, आणखी जास्त कोड सामायिक करणारी लायब्ररी निवडली. वरवर पाहता ही ‘सी++ सोडून रस्टकडे’, म्हणजे मेमरीच्या चुका टाळणाऱ्या नव्या भाषेकडे, जाण्याची गोष्ट आहे आणि बहुतेक ठिकाणी ती तशीच सांगितली जाते. मला ती गोष्ट अर्धीच वाटते. खरा निर्णय भाषेचा नव्हता. लायब्ररीचं शेत कुठे संपतं आणि क्लायंटचं कुठे सुरू होतं, तो बांध कुठे घालायचा, हा होता.

आधी मांडणी

मॅट्रिक्स २०१४ मध्ये जाहीर झालं. ईमेलसारखीच कल्पना: कोणीही आपला सर्व्हर चालवावा, सर्व्हरांनी आपसात बोलावं, आणि वापरणाऱ्याने आपल्या पसंतीचा क्लायंट घ्यावा. सर्वांत जास्त वापरला जाणारा क्लायंट म्हणजे एलिमेंट, ज्याचं नाव २०२० पर्यंत रायट होतं. त्याशिवाय नेको, फ्रॅक्टल, निओचॅट, फ्लफीचॅट असे कितीतरी. काही कंपनीने पगार देऊन लिहून घेतलेले, काही दोन-तीन माणसांनी नोकरी सांभाळून लिहिलेले. फ्रान्सच्या सरकारी कर्मचाऱ्यांचं चाप आणि जर्मन सैन्याचा मेसेंजरही मॅट्रिक्सवरच चालतो. आपल्याकडे एलिमेंटचं नाव बातम्यांत आलं ते मे २०२३ मध्ये, जम्मू-काश्मीरमधल्या सुरक्षेचं कारण देऊन केंद्र सरकारने १४ मेसेजिंग अ‍ॅप्सवर बंदी घातली तेव्हा. त्या यादीत एलिमेंट होतं.

एन्क्रिप्शनसाठी मॅट्रिक्सने दोन रॅचेट वापरले. ओल्म हा दोन उपकरणांमधला. तो सिग्नलवाल्यांनी २०१३ मध्ये मांडलेल्या डबल रॅचेटवर बेतलेला. मेगोल्म हा गटासाठी. रॅचेट म्हणजे सायकलचं फ्रीव्हील. पुढे पकडतं, मागे नुसतं कटकट करतं. प्रत्येक संदेशानंतर किल्ली एक घर पुढे सरकते आणि सरकलेल्या किल्लीवरून आधीची काढता येत नाही. मेगोल्ममध्ये पाठवणारा आपल्यापुरता एक रॅचेट तयार करतो, त्याची सुरुवातीची अवस्था खोलीतल्या (म्हणजे त्या गटगप्पांतल्या) प्रत्येक उपकरणाला ओल्ममधून एकेकदा पोचवतो, आणि मग संदेश एकदाच एन्क्रिप्ट करून सगळ्यांना पाठवतो. नेहमीच्या सेटिंगमध्ये १०० संदेश झाले किंवा आठवडा उलटला की नवा रॅचेट सुरू होतो.

लिबओल्म एवढंच करत होती: ओल्म आणि मेगोल्म. सी++ मध्ये लिहिलेली, बाहेरून सी भाषेचा दरवाजा असलेली, त्यामुळे कुठल्याही भाषेतून वापरता येणारी. ब्राउझरसाठी तिचं जावास्क्रिप्ट रूपही होतं. २०१६ मध्ये एनसीसी ग्रुपने तिचं ऑडिट केलं. लहान, नेमकी, तपासलेली आणि अपाची या मोकळ्या परवान्याची. लायब्ररी अशीच असावी असं आपण कॉलेजात शिकतो.

बांधाच्या पलीकडचं रान

आता क्लायंटकडे काय उरलं ते पाहू. खोलीत कोण कोण आहे, त्या प्रत्येकाची कोणकोणती उपकरणं आहेत, त्यातलं नवं कोणतं, हटवलेलं कोणतं, ही यादी ताजी ठेवणं. सर्व्हरवर आपल्या एकदाच वापरायच्या किल्ल्यांचा साठा संपू न देणं. कोणी खोली सोडली की रॅचेट बदलणं. एखादी किल्ली पोचली नाही तर ती मागणं, आणि दुसऱ्याने मागितली तर द्यायची की नाही ते ठरवणं. इमोजी जुळवून उपकरणाची खातरजमा. क्रॉस-सायनिंग, म्हणजे आपल्या एका उपकरणाने दुसऱ्याची ग्वाही देणं. सर्व्हरवरचा किल्ल्यांचा बॅकअप. हे सगळं करताना नेटवर्क मध्येच तुटलं, अ‍ॅप मध्येच मारलं गेलं, एकाच खात्याच्या दोन खिडक्या एकाच वेळी चालू राहिल्या, तरी डेटाबेस शाबूत ठेवणं.

यातलं लिबओल्ममध्ये काहीही नव्हतं. हा सगळा व्यवहार वेबसाठी जावास्क्रिप्टमध्ये, आयओएससाठी मुख्यतः ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये आणि अँड्रॉइडसाठी कोटलिनमध्ये, असा एकाच कंपनीत तीनदा लिहिला गेला. बाहेरच्या क्लायंट्सनी तो पुन्हा आपापल्या परीने लिहिला. मे २०२० मध्ये खासगी खोल्यांसाठी एन्क्रिप्शन आपोआप चालू झालं आणि या रानात हौशी लोकांसोबत सगळेच शिरले. त्या काळात मॅट्रिक्स वापरलेल्या कोणालाही विचारा. संदेशाच्या जागी ‘डिक्रिप्ट करता येत नाही’ अशी करडी ओळ दिसायची. ती कधी फोनवर असायची, लॅपटॉपवर नसायची; कधी उलट. कारण किल्ली हरवण्याच्या वाटा तिन्ही अ‍ॅप्समध्ये वेगवेगळ्या होत्या. एका टीमने बुजवलेला खड्डा दुसऱ्या टीमच्या रस्त्यावर तसाच असायचा.

सप्टेंबर २०२१ मध्ये हे रान किती धोक्याचं आहे ते उघड झालं. एलिमेंटच्याच एका संशोधकाला किल्ल्या मागण्या-देण्याच्या व्यवहारात चूक सापडली. आपण नव्या फोनवर लॉग इन केलं की जुन्या संदेशांच्या किल्ल्या त्या फोनकडे नसतात. मग तो आपल्याच दुसऱ्या उपकरणाकडे त्या मागतो. दुसऱ्याने देण्याआधी पाहायचं असतं की मागणारं उपकरण खरंच आपलं आहे का आणि आपण त्याची खातरजमा केली आहे का. मागणाऱ्याची ओळख तपासण्यातच कसूर होती. सर्व्हर किंवा एखादं खातं ज्याच्या ताब्यात गेलं आहे, तो दुसऱ्याच्या उपकरणाचं सोंग घेऊन किल्ल्या उकळू शकत होता.

कुठे होती ही चूक? जावास्क्रिप्टच्या एसडीकेमध्ये, म्हणजे अ‍ॅप बांधायच्या कोड-संचात. अँड्रॉइडच्या एसडीकेमध्ये. फ्लफीचॅट ज्यावर चालतो त्या फॅमेडली या कंपनीच्या डार्ट एसडीकेमध्ये. नेकोच्या सी++ कोडमध्ये. आणि तेव्हा बाल्यावस्थेत असलेल्या रस्ट एसडीकेमध्येसुद्धा. ही शेवटची नोंद मी मुद्दाम करतोय, कारण ‘रस्ट आलं आणि सगळं सुरक्षित झालं’ असं सांगणारे ती गाळतात. चूक मेमरीची नव्हती, तर्काची होती, आणि कंपायलरला तर्क कळत नाही. आयओएसचा कोड मात्र सुटला.

पाच वेगळे कोडबेस, वेगळ्या भाषा, वेगळी माणसं, आणि एकाच ठिकाणी ठेच. बहुधा एकाचं पाहून दुसऱ्याने लिहिलं, किंवा वर्णनच असं होतं की वाचणारा हमखास त्याच खड्ड्यात पडावा. काहीही असो, लिबओल्मला यात कोणी बोल लावू शकत नव्हतं. ती आपल्या बांधाच्या आत चोख होती.

समोरच्या वाटा

निर्णय घेणाऱ्याच्या जागी बसून पाहिलं तर वाटा पुष्कळ दिसतात.

लिबओल्मची डागडुजी करत राहायची, ही सर्वांत स्वस्त. पण २०२१ मध्येच तिच्यात मेमरीच्या दोन चुका निघाल्या होत्या, आणि सुरुवातीला सांगितलेली त्यातली एक थंडरबर्डपर्यंत पोचली होती. मुख्य म्हणजे या वाटेने पलीकडचं रान तसंच राहतं.

सिग्नलची लिबसिग्नल उचलायची? चांगली, जगभर चालणारी लायब्ररी, पण एजीपीएल परवान्याची, म्हणजे तिच्यावर बांधलेला कोडही खुला ठेवायला लावणाऱ्या. मॅट्रिक्सची पायाभूत लायब्ररी अपाची परवान्याची असल्यामुळे तिच्यावर कोणीही, बंद कोडवालाही, क्लायंट उभारू शकत होता. एजीपीएल आल्यावर हे गणित बदललं असतं. शिवाय सिग्नलबाहेरच्या वापराला आधार मिळणार नाही असं लिबसिग्नलच्या ओळखपत्रातच लिहिलेलं आहे. दुसऱ्याच्या विहिरीवर मोट लावताना मालकाने ‘उन्हाळ्यात पाण्याची हमी नाही’ असं आधीच सांगितलं असेल तर नंतर तक्रार करता येत नाही. आणि मेगोल्म तिथे नाहीच.

तिसरी वाट, रॅचेट तेवढे नव्याने लिहायचे, बांध होता तिथेच. चौथी, बांध वर सरकवायचा: उपकरणांच्या याद्या, किल्ल्यांची देवाणघेवाण, खातरजमा, बॅकअप हे सगळं एकाच लायब्ररीत घ्यायचं. पाचवी, अख्खा क्लायंट-एसडीके, म्हणजे सिंक (सर्व्हरकडून नवं ते आणणं), खोल्यांची यादी, टाइमलाइन सगळंच सामायिक करायचं आणि वर फक्त पडदे रंगवायचे.

झालं असं की तिसरी, चौथी आणि पाचवी या तिन्ही वाटा एकावर एक रचल्या गेल्या. हा या प्रकरणातला सर्वांत शहाणा भाग, असं माझं मत. तळाशी व्होडोझेमाक, म्हणजे ओल्म आणि मेगोल्मचं शुद्ध रस्टमधलं रूप. त्यावर रस्ट एसडीकेचा क्रिप्टो (एन्क्रिप्शनचा) भाग. त्यावर पूर्ण एसडीके. ज्याला जेवढं हवं तेवढं त्याने घ्यावं. लीस्ट ऑथॉरिटीने केलेल्या व्होडोझेमाकच्या ऑडिटचा निकाल मे २०२२ मध्ये आला. नावाची गंमत सांगायलाच हवी. ओल्म हा बाल्कनमधल्या अंधाऱ्या गुहांत राहणारा, जवळपास आंधळा उभयचर प्राणी, आणि व्होडोझेमाक हा क्रोएशियन शब्द, अर्थ ‘उभयचर’. प्राणी तोच, भाषा बदलली.

आचारी आणि यादी

मधल्या थरावर थोडं थांबतो, कारण हा निर्णय टिकला तो तिथल्या रचनेमुळे.

क्रिप्टो भागात नेटवर्कचा एक शब्द नाही. तो कुठल्याही सर्व्हरशी स्वतः बोलत नाही. लग्नघरचा आचारी जसा सकाळी यादी हातात ठेवतो, किराणा कुठल्या दुकानातून, कोणाच्या टेम्पोने आणायचा ते तुमचं तुम्ही बघा, तसं. सर्व्हरकडून सिंकचं उत्तर आलं की क्लायंट ते या यंत्राला देतो. यंत्र ते पचवतं आणि सांगतं: या विनंत्या बाहेर पाठवायच्या आहेत. क्लायंट आपल्या पद्धतीने त्या पाठवतो आणि परत येऊन सांगतो, ही गेली, हे उत्तर आलं. तोवर यंत्र ती विनंती बाकी म्हणूनच धरतं. मध्ये अ‍ॅप बंद पडलं तर पुढच्या वेळी यादीत ती पुन्हा दिसते.

यामुळे दोन गोष्टी साधल्या. वेब एलिमेंटला आपला जुना नेटवर्क-कोड, आपला सिंक, आपली टाइमलाइन तशीच ठेवून फक्त क्रिप्टोचा भाग उपटून नवा बसवता आला. लायब्ररीने नेटवर्कही स्वतःकडे घेतलं असतं तर हा बदल म्हणजे नवा क्लायंट लिहिणंच झालं असतं. आणि दुसरी, चाचण्या. नेटवर्क नसलेल्या यंत्राला ‘हा संदेश आधी आला, तो नंतर आला, मधला हरवला’ असे शंभर क्रम भरवून पाहता येतात. किल्ल्या हरवण्याचे बग नेमके अशाच क्रमांत लपलेले असतात.

साठवणुकीचंही तसंच. फोनवर एसक्यूलाइट, ब्राउझरमध्ये इंडेक्स्डडीबी. यंत्राला फक्त ठेवायला आणि काढायला जागा हवी.

भाषांच्या सीमा ओलांडायला कोटलिन आणि स्विफ्टसाठी मोझिलाचं युनिएफएफआय वापरलं आणि वेबसाठी वेबअसेंब्ली (ब्राउझरमध्ये इतर भाषांतला कोड चालवायची सोय). इथे किंमत मोजावी लागली. वेबअसेंब्लीची फाइल काही एमबींची. ती उतरून तयार होईपर्यंत एन्क्रिप्शन नाही. जावास्क्रिप्टमध्ये जे काम सरळ एका ओळीत होत होतं त्याला आता थांबून वाट पाहावी लागते, आणि ते ‘थांब’ मग हाका मारणाऱ्या प्रत्येक फंक्शनपर्यंत पसरतं. बग आला तर कोटलिनच्या स्टॅकमधून रस्टमध्ये उतरून शोधावं लागतं. अँड्रॉइडच्या टीममधल्या ज्या माणसाला आधी सगळा कोड वाचता यायचा, त्याच्यासाठी आता त्यातला सर्वांत नाजूक भाग परक्या भाषेत आहे. सामायिक लायब्ररीच्या चर्चेत ‘तीनदा लिहायची मेहनत वाचते’ हे सगळे सांगतात. तिघांपैकी दोघांच्या हातून ज्ञान जातं, हे कोणी सांगत नाही.

उलटा दाखला

सप्टेंबर २०२२ मध्ये निर्णयाच्या विरुद्ध बाजूचा पुरावा आला. विद्यापीठांतल्या संशोधकांच्या एका गटाने मॅट्रिक्सच्या एन्क्रिप्शनमधल्या त्रुटी जाहीर केल्या. त्यातल्या काही गंभीर. गंभीर त्रुटी एलिमेंटच्या तिन्ही जुन्या एसडीकेंमध्ये होत्या: वेब, आयओएस, अँड्रॉइड. नेको, फ्लफीचॅट, हायड्रोजन असे स्वतःचा वेगळा कोड असलेले क्लायंट मात्र त्यातून सुटले.

म्हणजे वर्षभरापूर्वीच्या घटनेचा अर्थ ‘सगळ्यांनी वेगवेगळं लिहिलं म्हणून सगळे चुकले’ असा काढावा, तर ही घटना म्हणते, ‘वेगवेगळं लिहिलं म्हणून काही वाचले.’ सगळ्या गावाने एकाच बियाण्याचा कापूस लावला की बोंडअळी कोणाचंच शेत सोडत नाही. विदर्भातल्या कोणालाही हे वेगळं सांगायला नको.

मग बांध वर सरकवणं चुकलं का? माझ्या मते नाही, आणि कारण साधं आहे. विविधता उपयोगी पडते ती प्रत्येक वाणाची निगा राखणारा कोणी असेल तर. एलिमेंटचे तीन जुने कोडबेस ही विविधता नव्हती, एकाच घरातली तिहेरी उसाभर होती. तिन्हींत गंभीर त्रुटी निघाल्या यावरूनच ते दिसतं. ज्यांनी खरोखर स्वतंत्र विचार करून लिहिलं होतं ते सुटले. त्यांच्यावर कोणी एक लायब्ररी लादलीही नाही. त्या प्रकटीकरणात नव्या रस्ट एसडीकेवर उभा असलेला एलिमेंट एक्सही सुटलेल्यांच्या यादीत होता. त्याने टीमचा निश्चय पक्का झाला असणार, पण नशिबाचा भाग त्यात किती, हे मोजता येत नाही.

बरणी बदलणं

निवड कागदावर सोपी असते. लाखो फोनांवर आधीच किल्ल्या साठवलेल्या होत्या. लिबओल्म आपली अवस्था ज्या रूपात साठवते त्याला तिच्या परिभाषेत ‘पिकल’ म्हणतात, म्हणजे शब्दशः लोणचं. मुरलेलं लोणचं नव्या बरणीत काढायचं, आणि एक फोडही सांडायची नाही. सांडली तर त्या सेशनचे जुने संदेश गेले, बॅकअप नसेल तर कायमचे. व्होडोझेमाकमध्ये म्हणून जुनं लोणचं उघडण्याची वेगळी सोय ठेवावी लागली.

आणि परतीची वाट नव्हती. साधारण सॉफ्टवेअरमध्ये नवी आवृत्ती बिघडली तर जुन्या डेटाबेसची प्रत काढून मागे जाता येतं. इथे रॅचेट पुढे सरकलेला असतो. मागची प्रत बसवली तर वापरून झालेल्या किल्ल्या पुन्हा वापरल्या जातील किंवा समोरच्याशी जुळणारच नाहीत. फ्रीव्हील उलटं पकडत नाही. त्यामुळे बदल टप्प्याटप्प्याने करावा लागला: आधी नव्याने लॉग इन करणाऱ्यांना नवी लायब्ररी, मग हळूहळू जुन्यांचं स्थलांतर. या कामाला ‘एलिमेंट आर’ असं नाव होतं. आधी फोनची अ‍ॅप्स, मागून वेब, असं ते २०२३ आणि २०२४ मध्ये पार पडलं. जुना पत्रा काढून स्लॅब टाकायचा, पण बिऱ्हाड हलवायचं नाही, अशातला तो प्रकार.

मग बाकीच्यांचं काय

२०२४ मध्ये लिबओल्म अधिकृतपणे निवृत्त झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिच्यातल्या टायमिंगच्या त्रुटी जाहीर झाल्या. तिचा एईएस या एन्क्रिप्शन-पद्धतीचा कोड दुसरीकडून उचललेला आणि टेबलात बघून उत्तर काढणारा होता. टेबलातली कोणती जागा वाचली यावरून लागणारा वेळ किंचित बदलतो आणि त्या फरकातून किल्लीचा माग लागू शकतो. नेटवर्कवरून असा हल्ला व्यवहारात जमण्यासारखा नाही, अशी मॅट्रिक्सची बाजू. पण निवृत्त लायब्ररीची बाजू कोण किती ऐकून घेणार? निक्सओएस या डिस्ट्रोने (लिनक्सच्या एका तयार संचाने) तिच्यावर ‘असुरक्षित’ असा शिक्का मारला, आणि तिच्यावर अवलंबून असलेले नेकोसारखे क्लायंट बसवायचे तर वापरणाऱ्याला हाताने ‘मला धोका मान्य आहे’ असं लिहून द्यावं लागू लागलं. क्लायंटच्या कोडमध्ये एक अक्षर बदललं नव्हतं.

एलिमेंटकडे पगारी टीम होती. लहान क्लायंट्सनी काय करावं? इथे थरांची रचना कामाला आली, आणि प्रत्येकाने बांध आपल्या सोयीने घातला. फ्रॅक्टलने अख्खा एसडीके घेतला. तो आधीपासून रस्टमध्येच होता, त्यामुळे भाषेची सीमा मध्ये नव्हती; नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेलं फ्रॅक्टल ५ हे मुळापासून नव्याने लिहिलेलं होतं आणि तेव्हाच त्यात एन्क्रिप्शन आलं. फ्लफीचॅटच्या डार्ट एसडीकेने उलट केलं. वरचा सगळा व्यवहार स्वतःच्या भाषेत ठेवला आणि तळाला लिबओल्म काढून फक्त व्होडोझेमाक बसवलं. कोण बरोबर? दोघंही. फॅमेडलीकडे तो व्यवहार सांभाळणारी माणसं आहेत आणि २०२२ मध्ये त्यांचा स्वतंत्र कोड वाचला होता. फ्रॅक्टलच्या मूठभर स्वयंसेवकांनी तो व्यवहार स्वतः लिहायला घेतला असता तर अजून बसले असते.

सी++ मधला लहान क्लायंट कोणी माझ्याकडे घेऊन आला तर मी आधी लायब्ररीबद्दल विचारणारच नाही. विचारीन की पुढच्या तीन वर्षांत किल्ल्यांच्या देवाणघेवाणीचा बग रात्री अकरा वाजता कोण सोडवणार आहे. नाव सांगता आलं तर बांध खाली, व्होडोझेमाकवर. नाही सांगता आलं तर वर, क्रिप्टो यंत्रावर, आणि बाइंडिंगचा (दोन भाषा जोडणाऱ्या कोडचा) त्रास मुकाट सोसायचा. पूर्ण एसडीके तेव्हाच, जेव्हा आपली खोल्यांची यादी आणि टाइमलाइन दुसऱ्याच्या कल्पनेप्रमाणे चाललेली चालणार असेल.

एक गोष्ट मात्र जाता जाता हरवली, आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. ‘शेअर्ड लायब्ररी’ या शब्दाचा जुना अर्थ वेगळा आहे: डिस्कवर एकच फाइल, आणि सगळे प्रोग्राम चालू होताना तिलाच जोडले जातात. आपल्या डोळ्यांसमोरचं उदाहरण हार्फबझचं. फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस सगळे देवनागरी जुळवायला तीच वापरतात, आणि लिनक्सवर डिस्ट्रोच्या कित्येक प्रोग्रामांसाठी ती एकच फाइल असते. ‘दर्‍या’मधला अर्धा र तिच्यात सुधारला की त्या सगळ्यांत सुधारतो. लिबओल्म डेबियनसारख्या डिस्ट्रोत अशीच होती. फाइल बदलली, सगळे क्लायंट दुरुस्त. रस्टच्या लायब्ऱ्या साधारणतः प्रोग्रामच्या पोटातच बांधल्या जातात. म्हणजे कोड आधीपेक्षा जास्त सामायिक झाला आणि फाइल मात्र सामायिक राहिली नाही. दुरुस्ती एकदा लिहायची, पण प्रत्येक क्लायंटने पुन्हा बांधून पुन्हा वाटायची.

जून २०२५ मध्ये याची परीक्षा झाली. रस्ट एसडीकेच्या क्रिप्टो भागात, एन्क्रिप्टेड संदेश नक्की कोणी पाठवला याची पडताळणी अपुरी असल्याचं उघड झालं. दुष्ट सर्व्हर एकाचा संदेश दुसऱ्याच्या नावावर दाखवू शकत होता. पुन्हा ओळख तपासण्यातलीच चूक, २०२१ सारखी. या वेळी दुरुस्ती एकाच ठिकाणी लिहायची होती. नवी आवृत्ती आली. वेब एलिमेंट वापरणाऱ्याने पान रिफ्रेश केलं की ती त्याच्याकडे पोचणार, फोनवाल्याला स्टोअरची वाट पाहायची, फ्लॅटपॅकवाल्याला (लिनक्सवर अ‍ॅप वाटायची एक पद्धत) अपडेटची, आणि डिस्ट्रोचं पॅकेज वापरणाऱ्याला पॅकेज सांभाळणाऱ्या माणसाची.

तुमच्याकडे काय आहे ते पाहायचं असेल तर वेब एलिमेंटच्या सेटिंग्जमध्ये मदत आणि माहितीच्या पानावर खाली एक बारीक ओळ असते. पूर्वी तिथे ओल्मचा आवृत्ती-क्रमांक असायचा. आता रस्ट एसडीकेचा असतो आणि त्याच्या शेजारी व्होडोझेमाकचा.